उत्तर कसं काढलंस?

आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर गेली बरीच वर्षे संध्याकाळची एक छोटीशी शिकवणी भरते. मी भौतिकशास्त्रात संशोधन करते. शिकवणे हा माझा पेशा नाही. शेजारच्या एका मुलाला अपूर्णांक अडले होते, तिथून हे सुरू झाले. पुढे या टेबलाशी सहावीतली मुले, बारावीला बसलेली मुले, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आणि आमच्या सोसायटीत वायरिंगची कामे करणारे एक गृहस्थ असे नाना तऱ्हेचे लोक येऊन बसले. त्यांना मी काय शिकवले हे सांगण्यासाठी हा लेख नाही. त्या टेबलावर माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती चूक वर्गातही रोज होत असावी असे मला वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

सहावीतली दोन मुले शेजारी शेजारी बसली होती. मी प्रश्न घातला : ०.१२५ आणि ०.३ यांपैकी मोठी संख्या कोणती? मुलगा म्हणाला, ०.१२५. मुलगी म्हणाली, ०.३. मुलीच्या वहीत मी बरोबरची खूण केली आणि मुलाकडे वळले.

"उत्तर कसं काढलंस?"

"एकशे पंचवीस मोठे ना तीनपेक्षा, काकू!"

त्याचे चूक असले तरी ते सुसंगत होते. त्याच्या लेखी दशांश चिन्ह म्हणजे दोन पूर्ण संख्यांच्या मधे घातलेला ठिपका. हे तो कुठे शिकला याचा विचार करताना मला क्रिकेट आठवले. ४.५ षटके म्हणजे साडेचार षटके नव्हेत, चार षटके आणि पाच चेंडू. आणखी एक चेंडू पडला की पाच षटके होतात. ठिपक्याच्या डावीकडे एक मोजणी, उजवीकडे दुसरी. शिवाय आपण मोठी माणसेही सर्रास 'शून्य पॉइंट एकशे पंचवीस' असे वाचतो. मग त्या मुलाने दुसरे काय समजावे? त्याच्याबरोबर मी तीन-चार संध्याकाळी घालवल्या. आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवले, एक मीटर लांबीची पट्टी कापून तिचे दहा आणि मग शंभर भाग केले. त्याचे काम झाले.

मुलगी दोन वर्षांनी, आठवीत असताना, पुन्हा आली. बरोबर तिची आई होती. "हिला सायन्स जमतच नाही. घनता तर डोक्यात शिरत नाही. दुसरा क्लास लावायचा म्हणतोय, पण त्याआधी तुम्ही एकदा बघा."

मी घनता समजावून सांगितली. शाळेत ती एकदा समजावून झाली होती, क्लासमध्ये दुसऱ्यांदा. ही तिसरी वेळ. मुलीने मान डोलावली. व्याख्या तिला पाठ होती, आणि द्रवापेक्षा कमी घनतेची वस्तू त्या द्रवावर तरंगते, हेही तिने चटकन सांगितले. मग मी उदाहरण दिले : बर्फाची घनता दर घन सेंटिमीटरला ०.९२ ग्रॅम, रॉकेलची ०.८ ग्रॅम. रॉकेलमध्ये बर्फाचा खडा टाकला तर काय होईल?

"तरंगेल."

वहीत मागे पाहिले. लाकूड आणि पाणी : बरोबर. स्पिरिट ०.७९ आणि तेल ०.९ : बरोबर. दुसऱ्या पानावरची दोन उदाहरणे मात्र चूक. शेरा होता, 'निष्काळजीपणा टाळा'. मीही तोच शेरा मारणार होते. त्याऐवजी, बहुधा दिवसभराच्या कामाने थकून मला पुन्हा समजावण्याचा कंटाळा आला म्हणून, मी नुसते विचारले, "कसं काढलंस?"

"बर्फाची घनता कमी आहे ना."

"कशावरून?"

"०.९२ मध्ये शतांश आहेत. ०.८ मध्ये दशांश. शतांश बारीक असतात. जितके आकडे जास्त तितके तुकडे बारीक."

हे शेवटचे वाक्य माझे होते. सहावीत असताना याच टेबलाशी मी ते तिला सांगितले होते.

तिच्या नियमाने ०.१२५ आणि ०.३ यांचे उत्तर बरोबर येते, कारण हजारांश बारीक म्हणून ०.१२५ लहान. ०.७९ आणि ०.९ यांचेही बरोबर येते. ०.९२ आणि ०.८ यांचे मात्र उलटे येते. म्हणजे मी ज्या उत्तराला बरोबरची खूण केली, ते उत्तर मुलाच्या उत्तराइतक्याच चुकीच्या वाटेने आले होते. मुलाचे नशीब की त्याचे उत्तर चुकले! मुलीने पुढची दोन वर्षे तीच वाट धरली. कधी बरोबर, कधी चूक. आणि असे का होते हे कळेना, तेव्हा तिने आणि तिच्या घरच्यांनी निष्कर्ष काढला की हिला विज्ञान जमत नाही. अडचण घनतेत नव्हतीच. आम्ही तिघे मात्र घनताच समजावत बसलो होतो.

शिकवणीचा खरा उपयोग कशात आहे, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला. शिकवण्या आता घरोघर आहेत. 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात पहिली ते आठवीच्या मुलांपैकी पैसे देऊन शिकवणी लावणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २६.४ टक्के होते, ते २०२२ मध्ये ३०.५ टक्के झाले. यात सगळ्या प्रकारच्या शिकवण्या आल्या. शंभर-दोनशे मुलांच्या क्लासला शिकवणी म्हणणे मला पटत नाही. ती फार तर दुसरी शाळा, आणि तीही पुष्कळदा पहिलीपेक्षा घाईत असलेली. एका वेळी एक किंवा दोनच मुले असतील, तीच शिकवणी.

अशा शिकवणीने किती फरक पडतो, यावर बरेच संशोधन झाले आहे. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८४ साली एक लेख लिहिला. त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयोगांत, शिकवणी मिळालेल्या मुलांची सरासरी नेहमीच्या वर्गातल्या मुलांच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांनी वर गेली होती. सोप्या भाषेत, शिकवणीतला मधला विद्यार्थी वर्गातल्या शंभरपैकी अठ्ठ्याण्णवांच्या पुढे. हा आकडा खूप गाजला आणि शिकवणीच्या जाहिरातींनाही उपयोगी पडला. तो जसाच्या तसा घेऊ नये. त्या प्रयोगांत शिकवणीतल्या मुलांना पुढच्या भागाकडे जाण्याआधी चाचणीत जास्त गुण मिळवावे लागत. म्हणजे फरक फक्त शिकवणीचा नव्हता. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा दोनऐवजी ०.७९ इतका फरक निघाला. तोही थोडा नव्हे : शंभरांत पन्नासावा असलेला विद्यार्थी साधारण अठ्ठ्याहत्तर जणांच्या पुढे जातो.

हा फरक येतो कुठून? एका मुलासाठी जास्त वेळ मिळतो, जास्त नीट समजावता येते, असे आपण म्हणू. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या मिशेलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याची परीक्षाच घेतली. आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणाचा पाठ एकेकट्याने शिकवायचा होता. आधी शिकवणाऱ्यांना हवे तसे शिकवू दिले. नंतर त्यांना सांगितले, की समजावून सांगायचे नाही, उत्तर बरोबर की चूक तेही सांगायचे नाही. फक्त 'म्हणजे काय?', 'आणखी सांग', 'असं का वाटतं?' असे विचारत राहायचे. दुसऱ्या प्रकारात मुले पहिल्याइतकीच शिकली. हे वाचले तेव्हा मला जरा अपमान झाल्यासारखेच वाटले. इतकी वर्षे ज्याला आपले कौशल्य समजत होते, ते वजा केले तरी फारसे काही कमी होत नव्हते.

याची उलट बाजू दाखवणारी एक जुनी हकिकत आहे. १९७३ साली स्टॅन्ली अर्लवँगर या संशोधकाने बेनी या बारा वर्षांच्या अमेरिकन मुलाबद्दल लिहिले. बेनीच्या शाळेत प्रत्येक मुलाने आपापल्या गतीने स्वाध्यायाच्या पुस्तिका सोडवायच्या, उत्तरे तपासून घ्यायची आणि पुढे जायचे, अशी पद्धत होती. बेनी पुष्कळ पुढे होता आणि त्याची प्रगती चांगली आहे असे शिक्षिकेचे मत होते. अर्लवँगर यांनी त्याच्याशी फक्त गप्पा मारल्या. तेव्हा कळले की बेनी २/१० चा दशांश अपूर्णांक १.२ लिहितो. दोन आणि दहा बारा, मधे ठिपका. ५/१० म्हणजे १.५. ४/११ आणि ११/४ हे दोन्हीही १.५. याबद्दल त्याला काही वावगे वाटत नव्हते. त्याच्या मते गणित म्हणजे कोणीतरी ठरवून ठेवलेले पुष्कळसे नियम, आणि उत्तरपत्रिकेशी जुळेल ते बरोबर. प्रत्येक मुलाला स्वतंत्र काम होते, लक्ष देणारी शिक्षिका होती. उत्तर कसे काढलेस, एवढे कोणी विचारत नव्हते. मोबाइलवरच्या स्वाध्यायात हिरवी खूण मिळाली की पुढे जाणाऱ्या आजच्या मुलांना पाहताना मला हा बेनी नेहमी आठवतो.

वरच्या इयत्तांत हे आपोआप सुटते असे वाटत असेल तर एक जुना प्रश्न करून पाहा. 'एका महाविद्यालयात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या वि आणि प्राध्यापकांची संख्या प्रा मानून समीकरण लिहा.' १९८१ साली क्लेमेंट, लॉकहेड आणि मंक यांनी अमेरिकेतल्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे विचारले, तेव्हा ३७ टक्क्यांचे उत्तर चुकले. बहुतेक चुका एकाच जातीच्या : ६वि = प्रा. इथे अक्षर संख्येसाठी न वापरता वस्तूचे नाव म्हणून वापरले आहे. सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक. (मीही पहिल्यांदा तेच लिहून खोडले होते, हे इथे सांगून टाकते.)

प्रवेश परीक्षेची तयारी करणारा बारावीतला एक मुलगा माझ्याकडे येत असे. वर फेकलेल्या नाण्याची गणिते तो माझ्यापेक्षा लवकर सोडवी. एकदा मी विचारले, नाणे हातातून सुटून वर जात असताना त्याच्यावर कोणकोणती बले आहेत? हवेचा विरोध सोडून दे. त्याने दोन बाण काढले. वरचा मोठा, खालचा लहान. वरचा हाताने दिलेल्या जोराचा, खालचा गुरुत्वाकर्षणाचा. वरचा जोर संपत आला की नाणे थांबते आणि मग पडते. चौदाव्या शतकात पॅरिसच्या जाँ ब्युरिदाँ यांनी फेकलेल्या वस्तूच्या गतीचे जवळपास असेच वर्णन केले होते, तेव्हा या मुलाला हसण्याचे कारण नाही. मी न्यूटनचा नियम पुन्हा सांगणार होते, पण जीभ आवरली. "वर जाताना वेग दर सेकंदाला कितीने कमी होतो?" "९.८ ने." "अगदी सुरुवातीला?" "९.८." "थांबत आलं असताना?" "९.८च…" बराच वेळ तो कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "वरचा जोर हळूहळू संपत असता तर हा आकडा बदलत गेला असता." आणि त्याने वरचा बाण स्वतःच खोडला.

आता वायरिंग करणाऱ्या गृहस्थांविषयी. वय पन्नाशीच्या आसपास, हात अत्यंत तयार. परवान्याच्या परीक्षेत लेखी भाग अडत होता म्हणून ते आले. "मॅडम, मला सूत्रं नकोत, समजेल असं सांगा," अशी त्यांची अट. मी विचारले, फेजच्या वायरमधून करंट जातो, न्यूट्रलमधून परत येतो. दोन्हींत किती असतो? "फेजमधे जास्त. पंखा, बल्ब खातात, उरलेला न्यूट्रलमधून परत." बॅटरीला जोडलेल्या बल्बबद्दल आठवीतली मुलेही हेच सांगतात. तुमच्यापाशी टाँग टेस्टर आहे ना, मी म्हटले, आपण मोजून पाहू. माझ्या इस्त्रीच्या जोडणीतल्या दोन वायरी त्यांनी सुट्या केल्या. फेजच्या वायरीभोवती चिमटा धरून आकडा वाचला, मग न्यूट्रलभोवती. तोच आकडा. पुन्हा केले. तोच.

ते काही बोलेनात. मीही बोलले नाही. ते मला फार जड गेले, कारण सांगायचे सगळे जिभेवर होते. मग ते हळूच म्हणाले, "दोन्ही वायरी एकदम चिमट्यात घेतल्या की शून्य दाखवतो, हे मला वीस वर्षं माहीत आहे. नवीन पोराला मी सांगतो, एकच वायर पकड म्हणून. का ते कधी विचारलं नाही." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे ईएलसीबी याच्यावरच चालतो! जाणारा आणि येणारा सारखा नसला, कुठे गळती झाली, की तो पडतो." हे त्यांनी मला सांगितले, मी त्यांना नव्हे. निघता निघता ते दारात थांबले. "पण मॅडम, करंट सगळा परत जातो तर बिल कशाचं येतं?" ऊर्जा म्हणजे काय, या पाठाची याहून चांगली सुरुवात मला पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही. पुढच्या खेपेला आम्ही तिथूनच सुरुवात केली.

हे सगळे एका टेबलावर ठीक आहे. साठ मुलांच्या वर्गात काय करायचे, असे आपण विचाराल. हा प्रश्न ब्लूम यांचाही होता. प्रत्येक मुलाला शिकवणी देणे कोणत्याच समाजाला परवडणारे नाही, तेव्हा तिच्यातले जे उपयोगी आहे ते वर्गात कसे आणता येईल, हे शोधावे म्हणून त्यांनी तो लेख लिहिला होता. ज्या घरात शिकवणीला पैसे नाहीत तिथल्या मुलाला 'कसं काढलंस?' असे विचारले जाण्याची जागा शाळा हीच आहे. आणि साठ मुलांना साठ वेळा विचारावे लागत नाही, कारण चुकीच्या वाटा साठ नसतात. बहुतेक वेळा दोन-तीनच असतात.

दशांशाचेच पाहा. फळ्यावर दोन जोड्या लिहा : ०.१२५ आणि ०.३, ०.८५ आणि ०.४. प्रत्येक जोडीतली मोठी संख्या आणि तसे का वाटले याची एक ओळ, एवढे चिठ्ठीवर मागा. चिठ्ठीवर नाव नको. मग चिठ्ठ्यांचे गठ्ठे करा. माझ्या शेजारच्या मुलासारखा विचार करणाऱ्यांची पहिली जोडी चुकेल, दुसरी बरोबर येईल. त्या मुलीसारख्यांची पहिली बरोबर, दुसरी चूक. फक्त पहिलीच जोडी दिली असती तर दुसरा गठ्ठा 'समजलेल्यां'त जमा झाला असता, आणि मी नेमके तेच केले होते. ज्यांची दोन्ही बरोबर आहेत त्यांना ०.५ आणि ०.५० विचारून पाहा. तिथेही काही जण थबकतात. गठ्ठे करायला मधल्या सुट्टीतली दहा मिनिटे पुरतात. पुढच्या तासाला उत्तर सांगू नका. दोन वेगवेगळ्या गठ्ठ्यांतली कारणे, कोणाची ते न सांगता, फळ्यावर लिहा आणि मुलांना शेजाऱ्याशी वाद घालू द्या. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ पासून पदवीच्या भौतिकशास्त्राच्या मोठ्या वर्गांत याच धर्तीवर शिकवायला सुरुवात केली : आधी प्रत्येकाने आपले उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याला पटवायचे, मग पुन्हा उत्तर द्यायचे. वर्गात गोंगाट होतो हे खरे. मुख्याध्यापकांना आधी कल्पना देऊन ठेवावी.

प्रश्न निवडणे हेच यातले अवघड काम. वेगवेगळ्या वाटांनी येणारी उत्तरे वेगवेगळी पडतील असे आकडे घ्यावे लागतात, आणि त्यासाठी वाटा माहीत हव्यात. त्या मुलांच्या वह्यांतल्या चुकांतून कळतात. चूक दिसली की लाल रेघ मारण्याआधी, कोणत्या नियमाने हे उत्तर येईल, असे स्वतःला विचारायची मी सवय लावून घेतली आहे. आणि बरोबर उत्तरालाही तोच प्रश्न विचारते, अधूनमधून.

त्या मुलीला दुसरा क्लास लावला नाही. मी तिला आलेखाचा कागद दिला, दहा बाय दहाचे चौकोन आखलेला. पूर्ण कागद म्हणजे एक. तिने ०.८ साठी आठ उभ्या रांगा रंगवल्या. दुसऱ्या कागदावर ०.९२ साठी ती एकेक चौकोन मोजत निघाली, आणि आठ रांगा भरून पुढे गेली तेव्हा तिचा हात थांबला.

"हे मोठं होतंय."

मी काही म्हटले नाही. तिने ब्याण्णव चौकोन पुरे केले, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले. मग आम्ही जुन्या कंदिलासाठी ठेवलेले थोडे रॉकेल, आसपास काही पेटते नाही ना हे पाहून, काचेच्या ग्लासात ओतले. तिने फ्रीजमधला बर्फाचा खडा आत सोडला. तो तळाशी जाऊन बसला.

"काकू, सहावीत तुम्ही माझ्या वहीत बरोबरची खूण केली होती. मला आठवतंय."

"हो. उत्तर बरोबर होतं. कसं काढलंस ते मी विचारलंच नाही. माझं चुकलं."

ती ग्लासात वाकून पाहत होती. बर्फाच्या कडेने पाण्याचे थेंब सुटून तळाशी गोळा व्हायला लागले होते.

"हे पाणी वर येणार नाही," ती म्हणाली. मी विचारायच्या आतच पुढे म्हणाली, "पाण्याची एक, रॉकेलची शून्य दशांश चिन्ह आठ. म्हणून."